कमजोर पायावर भार

हे वाचताना शक्य असेल तर खाटेच्या किंवा खुर्चीच्या कडेला येऊन बसा. पाठ टेकू नका. चपला काढा, दोन्ही तळपाय जमिनीला पूर्ण टेकू द्या. वाचणाऱ्याला स्वतःलाच लकवा होऊन गेला असेल, तर घरातल्या कोणाला तरी कमजोर बाजूला उभं करा आणि मगच सुरुवात करा. घाई नाही. जिथे थांबावंसं वाटेल तिथे थांबा.

आता एवढंच बघा की तुम्ही बसला आहात ते कशाच्या जोरावर. दोन्ही कुल्ल्यांवर भार सारखा आहे का? बहुतेक नसतोच. थोडा उजवीकडे, थोडा डावीकडे नेऊन बघा. श्वास आत येतो तेव्हा धड किंचित हलतं, बाहेर जातो तेव्हा परत येतं, आणि पोटाकमरेचे स्नायू तेवढ्यापुरतं सावरून घेतात. आता डोळे मिटा. जरासं डुलल्यासारखं होईल. तोल सांभाळायला मेंदूला तीन ठिकाणांहून खबर लागते. एक डोळ्यांकडून, दुसरी कानाच्या आतल्या भागाकडून, तिसरी तळपाय, घोटे, गुडघे, कुल्ले यांच्याकडून. डोळे मिटल्यावर पहिली खबर बंद झाली आणि उरलेल्या दोघींनी काम उचललं. तुम्ही पडला नाहीत. पण स्थिरही नव्हता. क्षणाक्षणाला जरा कलत होता आणि सावरत होता.

अर्धा मिनिट असेच बसा.

या अर्ध्या मिनिटाची किंमत मोठी आहे. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०११ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. पक्षाघातानंतर ७२ तासांच्या आत ज्यांना आधाराशिवाय ३० सेकंद बसता येत होतं आणि कमजोर पायात थोडीफार हालचाल होती, त्यांच्यापैकी सुमारे ९८ टक्के लोक सहा महिन्यांनी कोणाच्याही मदतीशिवाय चालत होते. ज्यांना या दोन्ही गोष्टी जमल्या नव्हत्या, त्यांच्यात हे प्रमाण सुमारे २७ टक्के होतं, आणि नवव्या दिवशीही जमल्या नाहीत तर सुमारे १०. चालण्याचा अंदाज बांधायला डॉक्टर आधी बसणं बघतात ते यासाठी. घरचे लोक मात्र पहिल्या दिवसापासून एकच विचारतात, ‘चालायला कधी लागेल?’ त्यांचं चुकत नाही. फक्त त्या प्रश्नाचं पहिलं उत्तर खाटेच्या कडेवर असतं. आणि ज्यांच्या घरातलं माणूस त्या २७ टक्क्यांच्या किंवा दहा टक्क्यांच्या गटात येतं, त्यांनी हा आकडा पुन्हा एकदा सावकाश वाचावा. तो शून्य नाही.

आता म्हसावद डोळ्यांसमोर आणा. शहाद्याहून तोरणमाळकडे निघालं की सातपुड्याच्या पायथ्याशी लागणारं हे मोठं गाव. भोवती पपई, केळी, कापूस, ऊस. उत्तरेला डोंगराची रांग. गावात ग्रामीण रुग्णालय आहे. इथे कोणाच्या अंगावरून वारं गेलं की घड्याळ आणि रस्ता यांची शर्यत सुरू होते. रक्ताची गुठळी अडकून झालेल्या झटक्यात ती विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी मेंदूचा सीटी स्कॅन करून रक्तस्राव झालेला नाही याची खात्री करावी लागते. तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोबडी वळली, तर त्याच मिनिटाला १०८ ला फोन करायचा. कबुतराचं रक्त चोळणाऱ्याचा पत्ता शोधण्यात जे तास जातात ते परत मिळत नाहीत. हे एकदाच, पण ठामपणे सांगून पुढे जाऊ. कारण आजचं मनन त्यानंतरच्या महिन्यांचं आहे, दवाखान्यातून घरी आल्यावरचं.

या गावातलं एक घर मनात उभं करा. दाराशी ओटा, मग उंबरा, आत बैठकीची खोली, मागे चूल आणि मोरी, परसात संडास. खाटेवर घरातली म्हातारी, जिला सगळं घर माय म्हणतं. झटका मेंदूच्या उजव्या बाजूला आला, म्हणून शरीराची डावी बाजू कमजोर झाली. बोलणं शाबूत आहे. पण ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते. तिला ती दिसत नाही असं नव्हे, तिचं लक्षच त्या बाजूला वळत नाही. डाव्या पायातली स्लीपर वाटेत निसटते आणि ती तशीच पुढे जाते. सुनेला वाटतं, माय विसरायला लागली. विसरणं नव्हे ते. मेंदूच्या हिशेबातून एक बाजूच गळाली आहे. म्हणून मायशी बोलताना थोडं डावीकडे बसायचं, तिला मान वळवायला लावायची. आणि स्लीपर काढून टाचेमागे पट्टा असलेली चप्पल द्यायची. एवढ्या साध्या गोष्टीने कितीतरी पडणं टळतं.

तुम्ही अजून बसलेले आहात. आता उठायचं आहे, पण अगदी हळू. उठण्याआधी शरीर काय काय करतं ते बघा. पावलं थोडी मागे सरकतात, टाचा गुडघ्यांच्या मागे येतात. मग डोकं पुढे येतं, नाक गुडघ्यांच्या पुढे जातं आणि त्यानंतरच कुल्ले उचलतात. आता मुद्दाम पाठ ताठ ठेवून, डोकं पुढे न आणता उठून बघा. जमत नाही. म्हणजे उठायचं तर आधी वाकावं लागतं, पुढे कलण्याची जोखीम घ्यावी लागते.

मायला नेमकं हेच अवघड जातं. पुढे कललं तर तोंडावर पडू, ही भीती. मग घरचे काय करतात? समोर उभे राहतात आणि दोन्ही हात धरून ओढतात. ओढलं की शरीर आपोआप मागे रेलतं, म्हणजे उठण्याच्या उलट दिशेला. शिवाय डाव्या खांद्याभोवतीचे स्नायू ढिले पडलेले असतात. हात ओढला की खांद्याचा सांधा जागचा हलतो, आणि मग महिनोन्महिने दुखणारा खांदा मागे लागतो. म्हणून हात ओढायचा नाही, काखेतही हात घालून उचलायचं नाही. कमजोर बाजूला उभं राहायचं, कमरेला धरायचं, आणि म्हणायचं, ‘माय, आधी पुढे वाक.’ मग थांबायचं. ती वाकेपर्यंत थांबायचं. उठण्याच्या कामात जड भाग हा थांबण्याचाच आहे, आणि तो घरच्यांच्या वाट्याचा आहे.

उभे राहा. पावलांत खांद्याएवढं अंतर ठेवा. आता भार सावकाश डाव्या पायावर न्या. मांडीचा स्नायू कसा घट्ट होतो, कुल्ला कसा बाजूला सरकतो, तळपायाच्या बाहेरच्या कडेवर कसा दाब येतो, हे बघा. परत मध्ये या. आता उजवीकडे. पुन्हा मध्ये. श्वास सोडा.

चालताना हेच घडतं, फक्त भरभर. प्रत्येक पाऊल चालण्याच्या एका फेऱ्यातला साधारण ६० टक्के वेळ जमिनीवर असतं आणि ४० टक्के वेळ हवेत. एक पाय हवेत असतो तेव्हा सगळं शरीर दुसऱ्या एकट्या पायावर असतं. मायच्या चालण्यात अडचण कुठे येते ते इथे कळतं. घरातले सगळे तिच्या डाव्या पायाकडे बघत असतात, कारण तो फरफटतो, अर्धवर्तुळ काढत येतो, बोटं उंबऱ्याला अडतात. ‘पाय उचल, पाय उचल,’ असा सारखा घोष चालतो. पण एकदा उजव्या पायाकडे बघा, चांगल्या पायाकडे. तो घाईघाईने पुढे येतो आणि तोकडा पडतो. का? कारण तो हवेत असताना सगळा भार डाव्यावर जातो, आणि डाव्यावर तिचा भरवसा नाही. कमजोर पायाचं दुखणं चांगल्या पायाच्या तोकड्या पावलात दिसतं.

मला या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच वाटते. पुन्हा चालायला शिकणं म्हणजे कमजोर पाय उचलायला शिकणं, हे अर्धंच खरं. त्याच्यावर भार टाकायला शिकणं हे उरलेलं अर्धं, आणि तेच अवघड. तो पाय कधीतरी दगा देऊन गेलेला आहे. त्याच्यावर पुन्हा उभं राहायचं, तेही रोज, तेही दगा पुन्हा होणार नाही अशी हमी नसताना. तुमच्या उभ्या शरीरात हे जाणवून बघा. सगळा भार एका पायावर घ्या, हात भिंतीजवळ ठेवून. मनात आणा की हा पाय केव्हाही गुडघ्यात मोडेल. लगेच पोट आवळलं जातं, श्वास अडकतो, नजर जमिनीला खिळते. माय दिवसभर अशी चालते.

म्हणून ती चालत असताना तिच्याशी बोलू नका. स्वीडनमध्ये १९९७ साली प्रसिद्ध झालेली एक लहानशी पाहणी आहे. वृद्धांच्या निवासात राहणाऱ्या ५८ जणांना चालता चालता बोलायला लावलं. बारा जण बोलण्यासाठी थांबले. पुढच्या सहा महिन्यांत त्या बारांपैकी दहा जण पडले. ज्यांचं सगळं लक्ष चालण्यातच खर्च होतं, त्यांच्याकडे बोलायला लक्ष उरत नाही. ओट्यावरून कोणी हाक मारली की माय मान वळवून उत्तर देणार. ती अशाच वेळी पडते. तिला आधी कठड्याला टेकू द्या, खुर्चीला हात लागू द्या, मग बोला.

परसात दोन जाड बांबू कमरेएवढ्या उंचीवर, एकमेकांना समांतर, पक्क्या खुंटांना बांधता येतात. मध्ये माणूस मावेल एवढंच अंतर. दवाखान्यात स्टीलच्या दांड्या असतात, काम तेच. बांबू तासून गुळगुळीत केलेला हवा, खालची जमीन सपाट, कोंबड्या-शेळ्यांचे दोर बाजूला. एका टोकाला खुर्ची ठेवायची, दुसऱ्या टोकालाही खुर्ची, म्हणजे दोन्हीकडे बसण्याची खात्री असते. काठी द्यायची ती चांगल्या हातात. कमजोर पायाबरोबर काठी पुढे पडते. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना कमजोर पाय आधी. हे घरातल्या लहान नातवालासुद्धा पाठ असावं, कारण आजीबरोबर ओटा उतरणारा बहुतेक वेळा तोच असतो.

लोक काय म्हणतील, ही भीतीही यात आहे. पेद्रो बाक-इ-रीता हे मूळचे कॅटलन कवी, न्यूयॉर्कमध्ये शिकवत असत. पासष्टीच्या सुमारास त्यांना मोठा पक्षाघात झाला. त्यांच्या मुलाने, जॉर्जने, त्यांना चालवण्याआधी लहान मुलासारखं रांगायला लावलं. कमजोर खांदा भिंतीला टेकवून ते रांगत. बाहेर बागेत रांगू लागले तेव्हा शेजाऱ्यांना ते आवडलं नाही. एवढ्या मोठ्या प्राध्यापकाला कसं रांगवता, असं ते म्हणू लागले. मुलाने ऐकलं नाही. पेद्रो पुन्हा शिकवायला लागले, आणि वयाच्या बहात्तराव्या वर्षी कोलंबियाच्या डोंगरात चढत असताना हृदयविकाराने गेले. नंतर तपासलं तेव्हा मेंदूतलं नुकसान मोठंच होतं आणि ते तसंच राहिलेलं होतं. राहिलेल्या मेंदूने काम अंगावर घेतलं होतं. प्रत्येकाच्या वाट्याला असा डोंगर येत नाही आणि ती आशा कोणाला दाखवूही नये. पण शेजाऱ्यांचं बोलणं ओलांडून जमिनीवर उतरणं प्रत्येक घराला जमण्यासारखं आहे.

पुन्हा बसा. थोडं पाणी प्या.

आता स्वावलंबन म्हणजे काय, याचा विचार करू. माहोनी आणि बार्थेल यांनी १९६५ मध्ये एक मापपट्टी दिली, ती आजही जगभर वापरतात. जेवण, अंघोळ, कपडे, लघवी-शौचावर ताबा, संडासला जाणं, खाटेवरून खुर्चीत बसणं, चालणं, जिने चढणं अशी दहा कामं आणि १०० गुण. चांगली पट्टी आहे. पण म्हसावदच्या घरात आणखी काही कामं असतात जी तिच्यात नाहीत. जमिनीवर मांडी घालून बसणं आणि तिथून उठणं. संडासात उकिडवं बसणं. भाकरी थापणं, जिला दोन हात लागतात. लुगडं नेसणं, एका हाताने निऱ्या घालणं. मायला गाऊन देतात, सोयीचा असतो, आणि देणाऱ्यांचं काही चुकत नाही. पण आयुष्यभर लुगडं नेसलेल्या बाईला पाहुण्यांसमोर गाऊनमध्ये बसायला लावलं की ती पुढच्या खोलीत येणंच बंद करते. चालता येत असूनही चालत नाही. हे कुठल्याही पट्टीवर दिसत नाही. तिला विचारलं पाहिजे. निऱ्या आधीच घालून शिवलेली, नाडीची साडी गावातला शिंपी शिवून देऊ शकतो.

आणि ‘राहू दे माय, मी करते’ हे वाक्य. किती प्रेमाने म्हटलं जातं ते! पाण्याचा तांब्या हातात आणून देतात, घास भरवतात, मोरीपर्यंत उचलून नेतात. ज्या हालचाली रोज करून मेंदू त्या पुन्हा शिकतो, त्याच सगळ्या हालचाली घरचे तिच्याकडून काढून घेतात. तांब्या चार हात लांब ठेवणं निर्दयपणाचं दिसतं. पण तेच करायला हवं, आणि ती तिथपर्यंत जाईस्तोवर जवळ उभं राहायला हवं. हात तयार ठेवायचा, लावायचा नाही.

यात अतिउत्साहही नको. ‘अ‍ॅव्हर्ट’ या २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत २१०४ रुग्ण होते. पहिल्या २४ तासांतच उठवून खूप वेळ, खूप वेळा हालचाल करून घेतलेल्यांचा निकाल उलट थोडा वाईट आला. सुरुवातीला थोडं-थोडं, डॉक्टर सांगतील तेवढंच.

घरच्या प्रेमावर किती सोडायचं, हा प्रश्न आपल्या देशातच तपासला गेला. ‘अटेंड’ या चाचणीत भारतातल्या १४ केंद्रांमधले १२५० रुग्ण होते. एका गटात घरच्या माणसाला शिकवून त्याच्याकडून व्यायाम करून घेतले, दुसऱ्या गटाला नेहमीचेच उपचार मिळाले. २०१७ मध्ये निकाल आला. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत जवळजवळ निम्मे रुग्ण एकतर गेलेले होते किंवा परावलंबी होते. फरक पडला नाही. हे वाचून वाईट वाटतं, आणि वाटायलाच हवं. पण याच्या शेजारी २०११ची अमेरिकेतली ‘लीप्स’ चाचणी ठेवा. तिथे ४०८ रुग्णांपैकी काहींना वजन तोलून धरणाऱ्या यंत्रावर चालवलं, काहींना फिजिओथेरपिस्टने घरी येऊन व्यायाम दिले. वर्षाने दोघांचा निकाल सारखाच निघाला; निम्म्याहून जास्त लोकांच्या चालण्यात सुधारणा होती. महाग यंत्राने जास्त काही साधलं नाही. माझा निष्कर्ष सरळ आहे. मायला यंत्र नको आहे, आणि एकट्या सुनेवर सगळं टाकूनही चालणार नाही. आठवड्यातून काही वेळा दारात येणारा शिकलेला माणूस हवा आहे, जो आज काय जमलं ते बघून उद्याचं काम थोडं अवघड करेल. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांनी ग्रामसभेत मागावी अशी ही गोष्ट आहे.

आणि ती मागताना फक्त म्हाताऱ्यांचा विचार करू नये. या पट्ट्यातल्या भिल्ल, पावरा कुटुंबांमध्ये सिकलसेल आढळतो, आणि सिकलसेलमुळे लहान मुलांनाही पक्षाघात होऊ शकतो. आश्रमशाळेत जाणारं पोर अचानक लंगडायला लागलं, एका हाताने लिहिणं सोडलं, तर ते आळसाने नाही, हे शिक्षकाला माहीत असायला हवं. ऊसतोडीला गुजरातेत गेलेल्या बापाचा फोन लागेपर्यंत वाट बघायची नाही.

शेवटी एकदा उभे राहा आणि दहा मीटर चाला, नेहमीच्या चालीने. मनात सेकंद मोजा. तज्ज्ञ असं मोजतात: दहा मीटरला २५ सेकंदांहून जास्त लागत असतील, तर ते माणूस बहुधा घरातल्या घरातच फिरतं. साडेबारा सेकंदांच्या आत जमत असेल, तर ते बाहेर रस्त्यावर, बाजारात मोकळेपणी वावरू शकतं. या दोन आकड्यांच्या मधली जागा मोठी आहे, आणि लकव्यातून उठलेली बरीच माणसं वर्षानुवर्षं तिथे असतात. ती अर्धवट बरी झालेली माणसं नव्हेत. त्यांचं गाव आता ओट्यापासून शेजारच्या ओट्यापर्यंत आहे, आणि ते गाव त्यांचं पूर्ण आहे.

मायला विचारा, तिला कुठे जायचं आहे. व्यायाम किती करणार, हे नको. कुठे जायचं आहे, हे. ती कदाचित मंदिर म्हणेल, कदाचित बहिणीचं घर, कदाचित शेताच्या बांधावरचं झाड. उत्तर मिळालं की त्या वाटेने तुम्ही एकदा चालून या. किती पायऱ्या, कुठे गटार, कुठे चिखल, बसायला कुठे दगड किंवा ओटा आहे, सावली कुठे आहे, हे बघून घ्या. बसण्याच्या दोन जागांमधलं अंतर तिला आज परसात चालता येतं त्यापेक्षा जास्त असेल, तर मध्ये कोणाच्या दारात खुर्ची मागून ठेवा. म्हसावदसारख्या गावात ती कोणी नाकारत नाही. मग निघायची वेळ तिलाच ठरवू द्या.